अण्णा ‘उदास’ म्हणाले, म्हणजे नेमकं काय म्हणाले?

पत्र असं आहे:

“माझे वडील ७२ वर्षांचे. सांगोला तालुक्यात आमची दीड एकर डाळिंबाची बाग आहे, ती अण्णाच बघतात. भाऊ नोकरीला, तो आणि भावजय गावीच असतात. मी पुण्यात. आई जाऊन चौदा महिने झाले. अण्णा माळकरी, भजनात पखवाज वाजवायचे, दर एकादशीला पंढरपूर चुकवायचे नाहीत. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाले, ‘मी आता सगळ्यातनं उदास झालोय.’ माझ्या पोटात धस्स झालं. भाऊ म्हणतो, ‘माळकरी माणूस आहे, उदास म्हणजे विरक्त, अभंगातला शब्द आहे तो. तुला शहरात राहून मराठी कळेना झालंय.’ भावजय म्हणते, हे नैराश्य आहे. यंदा त्यांनी बहार धरला नाही. गाय पाहुण्यांना देऊन टाकली, पखवाज शेजारच्या पोराला. दिवसभर लिंबाखाली बाजेवर बसून असतात, भावजयीने नेऊन ठेवलेल्या चहावर साय धरते. शब्दकोशात दोन्ही अर्थ दिलेत. मी कोणता धरू? – एक लेक, पुणे.”

ताई,

तुमचा भाऊ शब्दापुरता अगदी बरोबर आहे. तरीही तुमच्या पोटात धस्स झालं ते बरं झालं.

आधी शब्दाचं बोलू. ‘उदास’च्या पोटात ‘आस्’ हा धातू आहे. आस् म्हणजे बसणं. पूजेला आपण आसन घालतो ते याच धातूवरून आलं. त्याला ‘उद्’ लागला की अर्थ होतो बाजूला, जरा वर जाऊन बसणं. उदासीन म्हणजे डावात न उतरलेला, कडेला बसून बघणारा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजांचे प्रकार सांगितलेत, त्यात मित्र आणि शत्रू यांच्याबरोबर ‘उदासीन’ नावाचा राजाही येतो. तो खिन्न वगैरे मुळीच नसतो. इतरांच्या झगड्यापासून लांब राहिलेला आणि चांगला बलवान असा तो राजा. शाळेत आम्ल आणि आम्लारी एकत्र केल्यावर जे उदासिनीकरण शिकलात, तिथेही हाच अर्थ टिकून आहे: ना या बाजूचं, ना त्या बाजूचं.

आणि भाऊ म्हणतो तो अभंग. तुकोबांचा आहे, अण्णांना तोंडपाठ असणार:

जोडोनियां धन उत्तम वेव्हारें ।
उदास विचारें वेच करी ॥

सचोटीने पैसा मिळवावा आणि उदास विचाराने तो खर्चावा. इथे ‘दुःखी मनाने खर्च कर’ असा अर्थ कोणी लावणार नाही. जीव न गुंतवता, माझं-माझं न करता, एवढाच अर्थ. रामदासांनीही मनाच्या श्लोकांत ‘उदासीनता तत्त्वता सार आहे’ म्हटलंय, आणि लगेच पुढे ‘सदा सर्वदा मोकळी वृत्ति राहे’. मोकळी वृत्ती. हा शब्द लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता आपला आजचा ‘उदास’. उदास संध्याकाळ, उदास घर, ‘का गं, चेहरा उदास दिसतोय?’ इथे विरक्तीचा मागमूस नाही. एकाच शब्दाचे असे दोन टोकाचे अर्थ कसे झाले, यावर माझी समजूत अशी: लांबून बघणाऱ्याला दोन्ही माणसं सारखीच दिसतात. एक आपणहून बाजूला जाऊन बसलाय, दुसऱ्याच्या अंगात उठायचं बळ उरलेलं नाही, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतो तो फक्त गप्प बसलेला माणूस. वर्तमानपत्रांनी ‘मतदारांची उदासीनता’, ‘प्रशासनाचं औदासीन्य’ म्हणत जुना अर्थ थोडा जपलाय, पण घरात बोलताना ‘उदास’ म्हणजे मन पडलेला, हेच आता पक्कं झालंय. तुम्ही त्या अर्थाने ऐकलंत यात शहराचा काही दोष नाही. गावातल्या पंचविशीच्या पोरानेही तसंच ऐकलं असतं.

व्याकरण मात्र भावाच्या बाजूने आहे, हे मी लपवणार नाही. मन पडलं की आपण मराठीत ‘ला’ लावून बोलतो. मला वाईट वाटतं, मला रडू येतं, मला उदास वाटतं. भूक लागते, राग येतो, तसं ते आपल्यावर येतं. अण्णा ‘मला उदास वाटतंय’ म्हणाले नाहीत. ते म्हणाले, ‘मी सगळ्यातनं उदास झालोय.’ ‘मी’ कर्ता आणि ‘सगळ्यातनं’ ही पंचमी. कशातून तरी मन काढून घेण्याची ही जुनी, अभंगी वाक्यरचना आहे. परीक्षेत कोणी विचारलं असतं तर मी ‘विरक्त’ लिहून पूर्ण गुण घेतले असते.

पण अण्णा परीक्षेतलं वाक्य नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या, शेतीत आयुष्य काढलेल्या पुरुषाला मुलांसमोर ‘मला दुःख होतंय’ हे वाक्य उच्चारता येत नाही. मी अशी किती तरी माणसं पाहिलीत. बायको गेली तेव्हा आल्यागेल्याचं पाणी-पान त्यांनीच बघितलं असेल, दशक्रियेला कोण आलं, कोण राहिलं हेही. मग चौदा महिन्यांनी आतलं काही बाहेर काढायचं झालं, तर त्यांच्याजवळ शब्द कुठले? रोज भजनात म्हटलेले. ‘उदास’ हा त्यांतला अब्रूदार शब्द आहे. तो बोलला की माणूस लाचार दिसत नाही, उलट चार पायऱ्या वर गेल्यासारखा दिसतो, आणि ऐकणाराही पुढे काही विचारत नाही. म्हणून नुसत्या शब्दावर निकाल देऊ नका. तुम्हीही नको, भावानेही नको.

मग ओळखायचं कसं? मला वाटतं, अण्णांच्याच परंपरेने माप देऊन ठेवलंय. गीतेच्या बाराव्या अध्यायात, सोळाव्या श्लोकात, भक्ताचं वर्णन आहे: ‘अनपेक्षः शुचिर्दक्ष उदासीनो गतव्यथः’. ‘उदासीन’च्या दोन्ही बाजूंना कोण बसलंय ते बघा. आधी ‘दक्ष’, नंतर ‘गतव्यथ’. दक्ष म्हणजे सावध, कामाला चोख. गतव्यथ म्हणजे ज्याची व्यथा गेली तो. खरा उदासीन या दोघांच्या मधे बसतो. आणि तुकोबांच्या ओळीत ‘उदास’च्या लगेच पुढे क्रियापद आहे: ‘वेच करी’. हात चालू आहे. त्याच अभंगात पुढे हा माणूस गाईगुरं पाळतो, रानात तहानलेल्या जिवाला पाणी पाजतो. मन मोकळं झालंय आणि हात थांबलेले नाहीत.

हे माप घेऊन तुमचं पत्र पुन्हा वाचू.

बहार. डाळिंबवाल्याला मी काय सांगणार, पण इतर वाचकांसाठी सांगते. बहार धरायचा म्हणजे बागेचं पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानगळ करायची, छाटणी करायची, खतं घालायची आणि मग नेमक्या वेळी पाणी सोडायचं. त्या पाण्यावर झाड फुटतं, कळी निघते. ताण देणं हे शेतकऱ्याचं जाणतेपणाचं काम आहे, कारण पाणी कधी सोडायचं ते त्याला माहीत असतं. विरक्त झालेला बागायतदार बहार धरेल, फवारणी वेळेवर करेल आणि बाजारात दर पडला तरी रात्री शांत झोपेल. अण्णांनी बहारच धरला नाही. बागेला विश्रांती म्हणून सोडला, की पाण्याचा कॉक फिरवायला उठवलंच नाही? तेल्या, म्हणजे डाळिंबावरचा डागांचा रोग, पडून पडून माणूस कंटाळला असेल, हेही होऊ शकतं. भावाला विचारा, त्या दिवसांत अण्णा बागेत जात तरी होते का? झाडांकडे बघत होते का?

गाय. बहात्तराव्या वर्षी धारा काढणं होत नाही म्हणून गाय चांगल्या घरी देणं हा शहाणपणा आहे. दिल्यावर तिची चौकशी केली का, एवढंच बघा. गुरांत आयुष्य गेलेला माणूस दिलेल्या गाईची विचारपूस करतो.

पखवाजाचं मात्र मला फार लागलं. पखवाज पोराला दिला आणि संध्याकाळी त्याला बसवून बोल शिकवतायत, असं असेल तर याहून सुंदर गोष्ट नाही, आणि मी तुमच्या भावाची माफी मागेन. पण दारात ठेवून, काही न बोलता परत आले असतील, तर ते वेगळं आहे. तुमच्या पत्रातून हे कळत नाही.

आणि चहा. चहावर साय धरते. एवढ्या एका गोष्टीसाठी मी तुमच्या भावजयीच्या बाजूने झुकते. विरक्त माणूस चहा सोडेल, पण समोर ठेवलेला चहा निवेपर्यंत विसरणार नाही. ‘नैराश्य’ हा शब्द तिने अण्णांसमोर काढू नये, तो डॉक्टरांना ठरवू द्या. पण कप रोज परत नेणारी तीच आहे. तिची नजर आपल्या सगळ्यांपेक्षा जवळची आहे.

थोडं माझ्या घरचं सांगते. वडील गेल्यावर माझी आई म्हणायची, ‘करमत नाही.’ आम्ही भावंडांनी तिला मोठा टीव्ही घेतला. मग जुनी भक्तिगीतं भरलेला रेडिओ घेतला. करमत नाही म्हणते ना, मग करमणूक हवी असेल. शब्द एकच आहे की. पण करमणे हे क्रियापद फार वेगळं आहे. ‘मला करमत नाही’ यात कर्ताच नसतो. कोण करमत नाही? कोणीच नाही. वेळ असतो, आपण असतो, आणि दोघांचं जुळत नाही. आई करमणूक मागत नव्हती, दिवस सरत नाही एवढं सांगत होती. वर्षभराने गुडघ्यासाठी एका डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी सहज विचारलं, ‘आजी, रात्री जाग कधी येते?’ ती म्हणाली, ‘तीनला. मग उजाडायची वाट बघत पडते.’ आम्हा चौघांपैकी कोणीही हा प्रश्न तिला एकदाही विचारला नव्हता. तिला औषध सुरू झालं, दोन महिन्यांत ती अंगणातल्या जास्वंदीवर ओरडायला लागली. त्या वर्षाचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून ताई, ‘उदास’चा अर्थ अण्णांना विचारू नका. ‘तुम्ही डिप्रेशनमध्ये आहात का’ हे तर मुळीच नको. त्यांच्या तोंडचे शब्द वापरा. ‘अण्णा, करमतंय का?’ ‘जेवण ग्वाड लागतंय का?’ ‘झोप लागती का, का पहाटं जाग येती?’ विदर्भातला माणूस ‘गमत नाही’ म्हणेल, तुमच्याकडे ‘करमंना’, ‘कशात जीव लागंना’ म्हणतील. या शब्दांना माणूस खरं उत्तर देतो, कारण त्यांत कबुलीजबाब नसतो. अंग दुखतं का, पोट साफ होतं का, हेही विचारा. या वयात मनाचं दुखणं पुष्कळदा अंगातून बोलतं, आणि गुडघ्याच्या गोळ्या चालू राहतात.

फोनवर हे होणार नाही. जा. दोन दिवस रजा काढून जा, आणि बाजेवर त्यांच्या शेजारी बसा, समोर खुर्ची टाकून नको. बराच वेळ काही बोललं नाही तरी चालेल.

आता एक अवघड गोष्ट, आणि ती मी स्पष्टच लिहिते. जीव लावलेल्या वस्तू एकामागून एक देऊन टाकणं हे कधी कधी वैराग्य असतं आणि कधी कधी निरोप असतो. तुमच्या अण्णांचं दुसरं आहे असं मी म्हणत नाही. पण विचारायला हवं. ‘अण्णा, जगणं नको असं मनात येतं का?’ एवढ्या सरळ शब्दांत. असं विचारल्याने नसलेला विचार माणसाच्या डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. उलट विचारलं की ओझं हलकं होतं. उत्तर ‘हो’ आलं, किंवा नुसतं गप्प बसले, तर त्यांना एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उत्तर काहीही आलं तरी बागेची फवारणीची औषधं आजच कुलपात घालायला भावाला सांगा, किल्ली त्याच्याच खिशात. बागायतदाराच्या घरात हे एरवीही असायला हवं. आणि मनाच्या दुखण्यासाठी सरकारची टेलि-मानस ही सेवा २०२२ पासून आहे: १४४१६. फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. अण्णांनीच फोन करावा असं नाही, काय करू हे विचारायला तुम्हीही करू शकता.

एवढं टोकाचं काही नसेल, पण झोप, भूक, कामातला रस हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त दिवस, जवळजवळ रोज गेलेलं असेल, तरी डॉक्टरांना दाखवाच. आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे. थायरॉइड कमी असला, बी-१२ कमी असलं, तरी माणूस असाच मलूल होतो, आणि ते रक्ताच्या तपासणीत कळतं. चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. कान बघून घ्या: कमी ऐकू यायला लागलं की भजनात ताल सापडत नाही, आणि पखवाज वाजवणारा माणूस हे कोणाला सांगत नाही. हे माझ्या मनात आलं ते लिहिलं, पण तपासून बघाच. त्यात काही निघालं नाही, तर मनोविकारतज्ज्ञ. या वयातलं नैराश्य औषधाने आणि बोलण्याने बरं होतं.

त्यांना लगेच उचलून पुण्याला आणू नका. तुमचा हेतू चांगला असेल, पण चौथ्या मजल्यावर लिंब नाही, बांध नाही, ‘राम कृष्ण हरी’ म्हणत दारावरून जाणारं कोणी नाही. आधीच जे सुटत चाललंय त्यात घराचीही भर पडेल.

भावाशी शब्दावरून भांडण नको. तो वाईट नाही. बापाला काही झालंय यापेक्षा बाप मोठा झालाय हे मानणं त्याला सोपं जातंय, एवढंच. त्याला अभंगच हवा असेल तर तुकोबांचाच दुसरा दाखवा. १६३० च्या दुष्काळात घर बुडालं, बायको गेली, त्याबद्दल ते स्वतः सांगतात: ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥ लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें’. इथे त्यांनी ‘उदास’ म्हटलेलं नाही. दुःख म्हटलं, लाज म्हटली, त्रासलो म्हटलं. बायको गेल्याचं दुःख दुःख म्हणून सांगायला तुकोबांना कमीपणा वाटला नाही, मग तुमच्या अण्णांना तरी का वाटावा? हे भावाने त्यांना बाजेवर बसून म्हणून दाखवलं, तर माझ्या या सगळ्या लिहिण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आणि सगळं विचारून, बघून असं निघालं की झोप शांत आहे, जेवण गोड लागतंय, पोराला बोल शिकवणं चाललंय, आणि चहाचं कारण फक्त भावजय साखर कमी घालते हे आहे, तर भाऊ जिंकला. मग त्यांची ती मोकळी वृत्ती त्यांना लखलाभ असो, तुम्ही त्यात हात घालू नका.

येत्या एकादशीच्या आदल्या दिवशी पोहोचा. पंढरपूर तिथून तासाभरावर आहे. ‘चला’ म्हणून आग्रह करू नका, ‘मला जायचंय, सोबत येता का’ असं विचारा. निघण्याआधी पाहुण्यांना फोन करून गाय कशी आहे, व्याली का, ते विचारून ठेवा. बाजेवर बसल्यावर सहज तिचा विषय काढा आणि अण्णा पुढे काय विचारतात ते ऐका. काही विचारलं नाही, तर तेही मला लिहून कळवा.